काळ्या मातीनं पीएच इलेक्ट्रोडचं जंक्शन चोंदतंय, साफ कसं करावं? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

जालना जिल्ह्यात माती-पाणी तपासणीच्या एका लहान प्रयोगशाळेत मी काम करतो. आमच्या पीएच मीटरचा (आम्लता-विम्लता मोजणारं यंत्र) इलेक्ट्रोड, म्हणजे द्रावणात बुडवायची कांडी, काचेचा, आतलं द्रावण पुन्हा भरता येणारा आहे. 7 च्या बफरमध्ये (ठरलेल्या पीएचचं, मीटर तपासायचं द्रावण) आकडा नीट येतो, पण 9.2 मध्ये सरकतच राहतो. बफर ताजं आहे, उघडं ठेवलेलं नाही. 25 अंशाला एका पीएचमागे साधारण 59 मिलिव्होल्ट मिळायला हवेत, आमच्याकडे 51-52 मिळतात. मातीच्या 1:2.5 द्रावणात (एक भाग माती, अडीच भाग पाणी) तर आकडा स्थिर होईपर्यंत ताटकळत बसावं लागतं.

टोकाच्या काचेच्या बल्बपेक्षा शेजारचं सिरॅमिक जंक्शन (आतलं द्रावण जिथून झिरपत नमुन्याला भिडतं तो सच्छिद्र तुकडा) चोंदलं असावं, असा माझा अंदाज आहे. आपल्याकडची काळी माती किती चिकण, तुम्हाला माहीतच आहे. शिवाय चुनखडी. बीकरच्या तळाशी बसलेल्या खड्यांवर बल्ब घासला जाऊ नये म्हणून माती 2 मिमीच्या चाळणीतून काढतो आणि बल्ब तळाला टेकू देत नाही. नमुना झाला की डिस्टिल्ड पाण्याची धार आणि टिश्यूनं नुसतं टिपणं, पुसणं नाही. काम संपलं की 3 मोलर पोटॅशियम क्लोराईडमध्ये ठेवतो, डिस्टिल्ड पाण्यात कधीच नाही.

0.1 नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्लात अर्धा तास बुडवून, आतलं द्रावण बदलून पाहिलं. काही दिवस सुधारतं, मग पुन्हा तेच.

आता विचारायचं ते असं. कोमट पोटॅशियम क्लोराईडमध्ये बुडवून त्यातच थंड होऊ दिल्यानं जंक्शन मोकळं होतं म्हणतात, कुणी केलंय का? किती गरम केलं तर काचेला धोका नाही? मातीतल्या सेंद्रिय पदार्थांसाठी पेप्सिन-आम्लाचा (पेप्सिन म्हणजे प्रथिनं तोडणारं विकर) उपयोग होतो का, की ते दूध-मांसाच्या नमुन्यांपुरतंच? बारीक पॉलिश पेपरनं जंक्शन हलकं घासायचा सल्लाही मिळालाय, पण बल्ब इतका जवळ असताना माझा हात धजत नाही. फ्लोराईडनं काच खरवडण्याचा उपाय कृपया सुचवू नका. आमच्याकडे फ्युम हूड (विषारी वाफा ओढून घेणारं कपाट) नाही आणि ते रसायन जिवावर बेतू शकतं.

आणखी एक. इलेक्ट्रोड ढवळलेल्या गढूळ द्रावणात ठेवता की गाळ बसल्यावर वरच्या नितळ पाण्यात? दोन्हीकडचे आकडे वेगळे येतात, आणि नितळ पाण्यात जंक्शनला चिकणमाती कमी लागेल असं वाटतं. पण पद्धत बदलली तर जुन्या अहवालांशी तुलना कशी करायची?



घाई यासाठी की मोसंबीवाले शेतकरी पानं पिवळी, शिरा हिरव्या अशी तक्रार घेऊन येताहेत. हे लोह कमी पडल्याचं लक्षण; पीएच चढा असेल तर त्यासाठी जमिनीतून दिलेलं फेरस सल्फेट बरंचसं वाया जातं, फवारणी सांगावी लागते. सरकत्या आकड्यावर मी त्यांना खर्चात कसा पाडू?

उत्तर देताना तुमच्याकडची माती कोणती आणि इलेक्ट्रोड किती वर्षं टिकतो, हेही लिहा.