चहात फिलम्योल्क ओतलं, आता उरलेल्याचं काय करू?

लुंडवाली: एक्स्चेंजवर स्वीडनमधे लुंडला आले, काल दूध समजून पुडा आणला नि चहात ओतला तर चहा फाटलाच की, बघते तर फिलम्योल्क! लिटरभर आहे, काय करू? आणि गुरुवारी कँटीनमधे वाटाण्याचं सूप नि वर पॅनकेक, हे कुणाचं डोकं?

कढीप्रेमी: अगं ते आंबवलेलं दूध, ताकाचा दाट भाऊ. बेसन, आलं-मिरची लाव, मंद आचेवर ढवळत रहा, झक्कास कढी होते.

उप्सालाकर: गुरुवारचं सूप जुनी प्रथा, शुक्रवारी उपास म्हणून आदल्या दिवशी पोटभर, असं म्हणतात. पिवळे वाटाणे असतात, पण बहुतेकदा डुकराचं मांसपण, विचारून घे.

लुंडवाली: अरे देवा, दोन वाट्या संपवल्या मी!! कढी लावलीये, कॉरिडॉरमधले सगळे वास घेत आलेत 😅