मदत हवी आहे: २४० पत्त्यांचा डेक घेऊन स्पर्धेत उतरतोय

पुढच्या शुक्रवारी आमच्या इथल्या दुकानात ‘मॅजिक: द गॅदरिंग’ या पत्त्यांच्या खेळाची ‘मॉडर्न’ प्रकारातली स्पर्धा आहे आणि मी ‘बॅटल ऑफ विट्स’ या कार्डाचा डेक लावायचं ठरवलंय. ज्यांना हे कार्ड माहीत नाही त्यांच्यासाठी: आपल्या अपकीपच्या (पाळीच्या सुरुवातीच्या टप्प्याच्या) सुरुवातीला लायब्ररीत, म्हणजे अजून न ओढलेल्या गठ्ठ्यात, २०० किंवा जास्त पत्ते असतील, तर आपण थेट जिंकतो. २००१ साली ‘ओडिसी’ संचात आलं तेव्हापासून अनेकांचं लाडकं आहे, माझंही.

नियमात किमान ६० पत्ते लागतात, कमाल मर्यादा नाही. फक्त डेक कुणाच्याही मदतीशिवाय स्वतः पिसता आला पाहिजे. इथेच माझी खरी अडचण आहे. स्लीव्ह (प्लॅस्टिकची पाकिटं) घातलेले २४० पत्ते एका हातात मावत नाहीत. मी चार ढीग करून पिसतो आणि मग एकमेकांत मिसळतो, पण ५० मिनिटांच्या फेरीत यातच बराच वेळ जातो. शिवाय ‘डायबॉलिक ट्यूटर’ किंवा ‘इडिलिक ट्यूटर’ने कार्ड शोधलं की पुन्हा पिसणं आलंच. ट्यूटर कमीही करता येत नाहीत, कारण २४० मध्ये ४ प्रती म्हणजे ६० मध्ये एकच!

लँड (बाकी कार्डं खेळायला लागणारी शक्ती देणारी कार्डं) सध्या ९६ आहेत. जास्त होतात का? बाकी जागा बोर्ड साफ करणाऱ्या (समोरच्याची मांडलेली कार्डं एकदम काढून टाकणाऱ्या) कार्डांना देऊ की सुरुवातीचे वार थोपवणाऱ्या स्वस्त कार्डांना? आमच्याकडे बर्न (थेट मार देऊन पटकन संपवणारा डेक) खेळणारे बरेच आहेत, ‘बॅटल ऑफ विट्स’ला लागणाऱ्या पाचव्या लँडपर्यंत टिकणंच अवघड जातं.

एवढा मोठा डेक कुणी स्पर्धेत खेळवला असेल तर पिसण्याची पद्धत जरूर सांगा. समोरच्याला ताटकळत ठेवायचं नाहीये.