घरात मराठी आणि कन्नड दोन्ही, सगळ्यांनी मिळून बघावं असं पुढे काय? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. बेळगावातून लिहितेय. प्रश्न सिनेमांचा आहे, पण आधी घराबद्दल थोडं सांगते, म्हणजे सल्ला देणं तुम्हाला सोपं जाईल.

घरात तीन पिढ्या. सासरे, आम्ही त्यांना आप्पा म्हणतो, मराठी शाळेत मास्तर होते. सासूबाईंचं माहेर खानापूर तालुक्यातलं, जंगलाच्या बाजूचं. त्यांचं कन्नड बाजारात भाव करण्यापुरतं. धाकटी जाऊ बैलहोंगलची, तिच्या माहेरी सगळं कन्नड. लग्न होऊन आली तेव्हा तिला मराठी अजिबात कळत नव्हतं. आता आप्पांशी ती मराठीत बोलते, मुलांशी कन्नडमध्ये, आणि मला अक्का म्हणते. मुलं दोन्ही भाषा बोलतात.

शनिवारी जेवणं लवकर आटपून सगळ्यांनी एक सिनेमा बघायचा, असा आमच्याकडे रिवाज पडलाय. तो मोडू नये असं मला फार वाटतं. आठवड्यात तेवढाच वेळ सगळे एका खोलीत असतात. पण मराठी लावला की अर्ध्यावर जाऊ उठून भांडी आवरायला जाते. काही कळलं नाही असं ती कधी म्हणणार नाही, पण मला समजतं. कन्नड लावला की सासूबाई माळ घेऊन आत जातात. खाली ओळी येतात त्या बहुतेक इंग्रजीत, आणि त्या दोघींनाही इंग्रजी तेवढ्या वेगात वाचता येत नाही. मुलं थोडा वेळ समजावून सांगतात, मग त्यांना त्याचा कंटाळा येतो, आणि ते साहजिक आहे.

आतापर्यंत काय बघितलं आणि कुणाला कसं वाटलं ते लिहिते.

सुरुवात चांगली झाली ती 'एलिझाबेथ एकादशी'ने. परेश मोकाशींचा 2014 चा. पंढरपुरातली दोन भावंडं, वडील गेलेले, आईवर कर्ज, आणि वडिलांनी बनवलेली सायकल विकायची वेळ आलेली. ती वाचवायला मुलं आईला न सांगता एकादशीच्या गर्दीत बांगड्यांचं दुकान लावतात. जावेनं शेवटपर्यंत एक प्रश्न विचारला नाही आणि उठलीही नाही. सासूबाई तर पंढरपूर दिसल्यावर हलल्याच नाहीत. तेव्हाच मला वाटलं की माणसाला काय हवंय ते ज्या सिनेमात डोळ्यांना दिसतं, तो आमच्या घरात चालतो. सायकल, बैल, घर, रस्ता, काहीही असो. जिथे सगळी मजा बोलण्यात आहे, तिथे आमचं घर दोन भागांत वाटलं जातं. 'वाळवी'ला तेच झालं. मला स्वतःला तो फार आवडला, पण त्यातल्या तिरकस बोलण्यातलं जावेपर्यंत काहीच पोचलं नाही.

'टिंग्या' याच कारणानं चालला. मुलगा आणि त्याचा बैल, एवढंच. सासूबाईंच्या माहेरी गोठा होता, त्या मध्येच बैलाच्या पायाबद्दल बोलायला लागल्या आणि जाऊ तिच्या माहेरच्या बैलांबद्दल. सिनेमा थांबवून दोघी बराच वेळ बोलल्या. अशी बोलणी त्या दोघींत एरवी होत नाहीत.

'किल्ला'बद्दल मला जरा धाकधूक होती, कारण त्यात फारसं काही घडत नाही. वडील गेल्यावर आईची बदली कोकणात होते आणि अकरा वर्षांचा चिन्मय नव्या गावात, नव्या शाळेत एकटा पडतो. पाऊस, समुद्र, वर्गातली पोरं. अविनाश अरुण यांचा हा दिग्दर्शक म्हणून पहिला सिनेमा, कॅमेराही त्यांचाच. जावेला हा सगळ्यात जास्त आवडला. दुसऱ्या दिवशी ती मला म्हणाली, "अक्का, मी इथं आले तेव्हा मला असंच व्हायचं." इतक्या वर्षांत हे ती पहिल्यांदा बोलली.

'अस्तु'चं वेगळं. मोहन आगाशे यांनी विस्मरण होत गेलेले संस्कृत पंडित केलेत, ते एका हत्तीच्या मागे चालत जातात आणि हरवतात. त्यांना सांभाळते ती माहुताची बायको चन्नम्मा, आणि ती कन्नड बोलते. अमृता सुभाषला या भूमिकेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. मराठी सिनेमात एक कन्नड बाई आणि तीच त्यातली सगळ्यात मायाळू! जाऊ सावरून बसली आणि सासूबाईंना चन्नम्माचं बोलणं समजावून सांगायला लागली. एरवी समजावणारे आम्ही असतो. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचे बाकीचे सिनेमे मी त्यानंतर शोधून ठेवलेत, 'देवराई', 'कासव', आणि एकट्या भावेंचा 'दिठी'. त्यातला आधी कोणता लावू?

आता कन्नडचं. जावेनं सुचवला 'सरकारी हिरिय प्राथमिक शाले, कासरगोडु'. ऋषभ शेट्टी यांचा 2018 चा, त्या वर्षी उत्कृष्ट बालचित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळालेला. कासरगोड 1956 च्या राज्यपुनर्रचनेत केरळात गेलं. तिथली एक कन्नड शाळा, पटसंख्या रोडावलेली, बंद करायचा घाट, आणि शिकवायला पाठवलेल्या मास्तरांना कन्नड येतच नाही. मुलं वर्गात बसून बघत राहतात. पुढे अनंत नाग येतात, गोष्ट कोर्टात जाते, गाणी आहेत, हसूही आहे.

आप्पा पहिल्यांदा कन्नड सिनेमा शेवटपर्यंत बसून बघत होते. बेळगावातल्या माणसाला यात काय दिसतं ते मी वेगळं सांगायला नको. 1956 ची तीच रेघ, फक्त भाषांच्या जागा बदललेल्या. आप्पांनी आयुष्यभर मराठी शाळेत शिकवलं, पट कमी होताना बघितला, घरोघरी जाऊन पोरं गोळा केली. संपल्यावर ते जावेला म्हणाले, "तुमच्या लोकांनी आमचीच गोष्ट केली की गं." मग जाऊ तिच्या गावच्या शाळेबद्दल बोलली, आणि सीमेचा विषय आमच्या घरात पहिल्यांदा कुणाचा आवाज न चढता बोलला गेला. सिनेमा म्हणून त्यात खोट आहे. मधला भाग लांबलाय, कोर्टाचं जरा भाषणासारखं होतं. तरीही सीमाभागातल्या प्रत्येक मराठी घरानं तो बघावा असं माझं ठाम मत आहे, आणि हे मी कळकळीनं लिहितेय.

'तिथि' मी एकटीनं बघितला. मंड्याकडचं गाव, तिथलेच लोक नट म्हणून, एका घरातल्या तीन पिढ्यांचे पुरुष आणि त्यांची जमीन. विलक्षण आहे. पण शिव्या आणि मोकळं बोलणं इतकं की आप्पा आणि मुलं एकत्र असताना लावता येणार नाही. शिवाय मंड्याचं कन्नड जावेलाही अडखळतच कळेल.

'जोगवा'चंही असंच. देवीला वाहिलेल्या जोगत्या-जोगतिणींची गोष्ट. सौंदत्तीची यल्लमा आमच्याच जिल्ह्यात, त्यामुळे विषय परका नाही. उपेंद्र लिमये आणि मुक्ता बर्वे दोघांनी जीव ओतलाय. पण मुलं अजून लहान आहेत.

तर मला हवंय ते असं. सिनेमा मराठी असो की कन्नड, गोष्ट डोळ्यांना कळली पाहिजे. मारामारी आणि रक्त फार नको. म्हातारी माणसं फक्त रडवण्यासाठी वापरलेली नकोत, सासूबाईंना त्याचा त्रास होतो. कन्नड सिनेमांबद्दल विशेष सांगा, कारण तिकडचं मला फार कमी माहीत आहे आणि प्रत्येक वेळी जावेनंच शोधावं हे बरोबर नाही.

---

खानापूरकर:

ताई, तुमच्या सासूबाई माळकरी आहेत असं वाटलं, म्हणून सांगतो. 'भक्त कुंबार' लावा. 1974 चा कन्नड सिनेमा, डॉ. राजकुमार आहेत. गोष्ट आपल्या गोरा कुंभारांची! विठ्ठलाच्या नामात तल्लीन होऊन माती तुडवताना पोटचं मूल पायाखाली येतं, ती. सासूबाईंना प्रत्येक प्रसंग आधीच पाठ असणार, त्यामुळे भाषा अडणार नाही. उलट जावेच्या माहेरी हा सिनेमा सगळ्यांनी बघितलेला असणार, उत्तर कर्नाटकात राजकुमारांना लोक किती मानतात ते तुम्हाला माहीतच आहे. विठोबाला ज्ञानेश्वरांनीच कर्नाटकू म्हटलंय, मग राजकुमारांनी गोरोबा केले तर ते आपलेच झाले. फक्त मुलाचा तो प्रसंग लहानांना आधी सांगून ठेवा.

त्याला जोडून एखाद्या शनिवारी प्रभातचा 'संत तुकाराम' बघा. 1936 चा आहे म्हणून मुलं कुरकुरतील, पण पागनीसांचा चेहरा आणि जिजाईचा राग यांना भाषा लागत नाही. माझ्या मते आजवरचा सगळ्यात चांगला मराठी सिनेमा तोच.

निपाणीची माहेरवाशीण:

'अस्तु' आवडला असेल तर 'गोधि बण्ण साधारण मैकट्टु' नक्की. हेमंत राव यांचा 2016 चा. यातही विस्मरण झालेले वडील आहेत, अनंत नाग, ते हरवतात आणि मुलगा त्यांना शोधत फिरतो. त्या मुलानं आधी वडिलांकडे कधी नीट बघितलेलंच नसतं. शोधताना लोक त्याला वडिलांबद्दल सांगत जातात आणि त्याला ते नव्यानं कळतात. मधे गुंडांचा एक धागा आहे, थोडी मारझोड आहे, तो भाग मला कमी आवडला. पण अनंत नाग यांच्यासाठी बघाच. कासरगोडच्या सिनेमात बघितल्यामुळे आप्पांनाही ते ओळखीचे वाटतील.

भावे-सुकथनकरांचं विचारलंत, तर 'देवराई' आधी. 'दिठी' सुंदर आहे, पण ते पाऊस, पोथी आणि मुलाचं दुःख असं आत आत जाणारं आहे. सासूबाईंना पोचेल, मुलांना नाही. 'कासव' थोडा थांबून. त्यात खचलेल्या तरुण मुलाची गोष्ट आहे, घरात कुणी त्या वयाचं असेल तर मुद्दाम सोबत बसून बघा आणि नंतर बोला.

चिकोडीचा वाचक:

वहिनी, एक वेगळं मत मांडतो. तुमच्या यादीत 'फँड्री' नाही. मुलं लहान आहेत म्हणून टाळला असेल तर पुन्हा विचार करा. शिव्या आहेत, खरं. पण जब्याच्या वयाची मुलं रोज तशाच वर्गात बसतात, आणि कुणाला कुठली कामं करावी लागतात हे ती बघत असतात. डुक्कर पकडतानाचा तो शेवटचा भाग कुठल्याही भाषेच्या माणसाला कळतो. माझ्या घरी कन्नड शेजारी आले होते बघायला, कुणालाही काही समजावावं लागलं नाही.

'सैराट' जावेनं बघितला असेल का? त्याचा कन्नडमध्ये 'मनसु मल्लिगे' झाला, 2017 मध्ये, रिंकू राजगुरूच त्यातही. दोन्ही बघितलेल्या माणसांशी बोलायला मजा येते. मला मूळचाच आवडतो, कारण करमाळ्याकडची ती भाषा आणि तो उसाचा मुलूख दुसरीकडे उचलून नेता येत नाही.

धागा सुरू करणारी:

सगळ्यांचे मनापासून आभार. खानापूरकर दादा, तुमचा प्रतिसाद सासूबाईंना वाचून दाखवला. राजकुमारांनी गोरोबा केलेत हे त्यांना माहीतच नव्हतं. जाऊ लगेच त्यातलं गाणं म्हणायला लागली, तिच्या आज्जीला ते आवडायचं म्हणे. तेव्हा या शनिवारी 'भक्त कुंबार' ठरला. स्वच्छ प्रत कुठे मिळेल? आम्हाला सापडली तिच्यात आवाज फार खरखरीत आहे आणि आप्पांना आधीच कमी ऐकू येतं.

'गोधि बण्ण' त्याच्या पुढच्या शनिवारी. गुंडांचं आधी सांगितलंत ते बरं झालं.

चिकोडीचे दादा, 'फँड्री' मी टाळला होता तो मुलांमुळे नाही, सासूबाईंमुळे. त्यांना प्राण्यांचे हाल बघवत नाहीत. पण तुमचं म्हणणं मला पटलंय. मोठ्या दोन्ही मुलांना घेऊन दुपारी वेगळा बघेन, आप्पाही बसतील. 'मनसु मल्लिगे' जावेनं माहेरी बघितलाय, 'सैराट' नाही. तोही यादीत घेतला.

अजून एक विचारायचं राहिलं. 'दशावतार' आणि 'कांतारा' लागोपाठ दाखवावेत असं मनात आहे. एकीकडे कोकणातला दशावतारी कलावंत, दिलीप प्रभावळकर, दुसरीकडे तुळुनाडूतला, म्हणजे कर्नाटकच्या किनारपट्टीवरचा भूतकोल, अंगात दैव येण्याचा विधी, आणि दोन्हीत जंगल-जमिनीचा प्रश्न. खानापूरच्या रानातल्या बाईला आणि बैलहोंगलच्या पोरीला दोन्ही भिडतील असं वाटतं. पण 'कांतारा'त हाणामारी बरीच आहे असं ऐकलंय. ज्यांनी घरच्या म्हाताऱ्या माणसांसोबत बघितलाय त्यांनी सांगा, कुठला भाग पुढे ढकलावा लागला का?