अकरावीला गणित सोडायचं का? (घरात दोन पक्ष पडलेत)

घाटमाथा (धागाकर्ता)
लेकीला दहावीत ९१ टक्के. विज्ञानात ९४, गणितात ८३. सायन्सला जायचं एवढं ठरलंय, पण विषयांचे चौकोन भरताना घोडं अडलंय. फिजिक्स, केमिस्ट्री, बायो तिचं नक्की. गणिताच्या जागी तिला भूगोल हवाय. तिला द्यायची आहे नीट, म्हणजे मेडिकलची प्रवेश परीक्षा. म्हणते, "बाबा, नीटला गणित नाहीच, मग दोन वर्षं ते ओझं कशाला?" मी म्हणतो, चारही ठेव. नीट नाही जमली तर? यावर बायको म्हणते, तुमचा हा "तर"च पोरीला खातोय. मी पडलो बी.कॉम., त्यामुळे सायन्सच्या बाबतीत घरात मला मत नाही.

तरी मांडतो. सोळाव्या वर्षी एकही दार आपल्या हातानं लावून घेऊ नये. पटत नसेल त्यांनी झोडपा.

तासिका_मास्तर
तालुक्याच्या ज्युनिअर कॉलेजात वीस वर्षं गणित शिकवतोय. तरी सांगतो, सोडू द्या.

चारही विषय घेणाऱ्या पोरांचं काय होतं ते मी दर वर्षी बघतो. अकरावीच्या दिवाळीपर्यंत वही व्यवस्थित. मग क्लासच्या टेस्ट सुरू होतात आणि गणिताच्या तासाला बाकाखाली बायोचं पुस्तक उघडतं. गेल्या वर्षी एका मुलीची वही तपासली. इंटिग्रेशनची पहिली तीन पानं सुंदर, दोन रंगांच्या पेनांनी. पुढे कोरं, आणि मध्येच पानभर मानवी हृदयाची आकृती. आकृती उत्तम होती, सही केली.

बोर्डाला ८० ची लेखी, २० प्रॅक्टिकलचे. अशी पोरं पास होतात हो, नाही असं नाही. पण त्या मार्कांवर कुठलं इंजिनिअरिंग मिळणार आहे? तुम्ही ज्याला उघडं दार म्हणताय, त्याला आतून कडी आहे.

पेट्रीडिश
मास्तर, तुमच्याशी कडकडून असहमत. मी ती सोडणारी मुलगी आहे.

२००९ साली अकरावीला गणित टाकलं, आनंदानं. नीट नव्हती तेव्हा, सीईटी (राज्याची प्रवेश परीक्षा) होती, मेडिकल हुकलं. मग बी.एस्सी. मायक्रोबायोलॉजी, एम.एस्सी. आवडीचा विषय, तक्रार नाही. पण प्रोजेक्टला बसले आणि जिवाणूंच्या वाढीचा आलेख लॉग स्केलवर काढायची वेळ आली. बाजूच्या मुलानं सहज विचारलं, "बेस टेन घेतलास की नॅचरल?" मी दोन मिनिटं पिपेट हातात धरून गप्प. वयाच्या तेविसाव्या वर्षी खोली बंद करून अकरावीची गणिताची पुस्तकं काढली. आज माझं अर्धं काम डेटाचं आहे आणि जेवढं येतं तेवढं सगळं उशिरा शिकलेलं.

गणित फक्त इंजिनिअरिंगचं दार आहे हा समजच चुकीचा. आयसरच्या प्रवेश परीक्षेचं उदाहरण घ्या. पुण्यात पाषाणला आहे ते आयसर, विज्ञानाचं शिक्षण आणि संशोधन करणारी संस्था. चार विषय, प्रत्येकी १५ प्रश्न, त्यात गणितही. पीसीबीवाल्याला (फिजिक्स, केमिस्ट्री, बायो, गणित नाही) बसायला बंदी नाही, पण साठातले पंधरा प्रश्न कोरडेच जाणार. बायोचं वेड असलेल्या मुलीनं नेमकी हीच परीक्षा द्यावी आणि नेमकं इथेच अडावं!

स्टेथो
पेट्रीडिश, तुमचा अनुभव खरा, पण धागाकर्त्यांची मुलगी नीट म्हणतेय, संशोधन नाही. नीट ७२० मार्कांची, त्यात बायो ३६०. जो रोज दीड तास गणिताला देईल तो तेवढा वेळ बायोतून किंवा झोपेतून काढणार. माझ्या बॅचला चारही विषय घेऊन आलेले होते, नाही कशाला म्हणू, पण ते मुळातच हुशार. त्यांच्याकडे बघून आपल्या पोराचं ठरवू नये.

पेट्रीडिश
@स्टेथो, आणि उरलेल्या ३६० पैकी १८० फिजिक्सचे, तिथेच पीसीबीची मुलं गळपटतात. बोर्डाच्या अकरावी फिजिक्सच्या पुस्तकातला दुसरा धडा कुठला, सांगा? मॅथेमॅटिकल मेथड्स. व्हेक्टर, डेरिव्हेटिव्ह, इंटिग्रेशन. गणित सोडलं तरी ते मागल्या दारानं येतंच, फक्त शिकवायला गणिताचे सर नसतात.

तासिका_मास्तर
हे मात्र मान्य. तो धडा फिजिक्सवाले आठवड्यात उरकतात आणि पोरं माझ्याकडे येतात. पण त्याला दोन-तीन आठवडे मन लावून बसलं तरी पुरतं हो, अख्खी दोन वर्षं नाही लागत.

बारावी_चालू_आहे
काका, मी सध्या चारही घेऊन बसलोय म्हणून लिहितो. सीईटीचे (आता ती इंजिनिअरिंग, फार्मसीसाठी) पीसीएम, म्हणजे बायोऐवजी गणित, आणि पीसीबी असे दोन वेगळे पेपर असतात, मी दोन्ही देणार. पीसीएममध्ये २०० पैकी १०० मार्क एकट्या गणिताचे, त्यामुळे ते "असू दे बाजूला" म्हणून ठेवलं तर काही उपयोग नाही. पण निगेटिव्ह मार्किंग नाही आणि अकरावीचा भाग साधारण २० टक्केच, म्हणून जमवता येतं.

बाकी फार्मसी आणि बी.एस्सी. ॲग्रीला दोन्ही गट चालतात. म्हणजे नीट हुकली की रस्त्यावर येतो, असं काही नाही. पप्पांना हे सांगून सांगून दमलो.

हवाबाण
कुणी उलट्या बाजूनं का बघत नाही? २०२३ च्या नोव्हेंबरात मेडिकल कमिशननं नियम सैल केला. बारावीनंतर बायो जादा विषय म्हणून दिला तरी नीटला बसता येतं. म्हणजे गणित ठेवा, बायो मागाहून घ्या!

स्टेथो
कागदावर झकास. ३६० मार्कांचा विषय मागाहून घेणारा पोरगा तुम्ही पाहिलाय का? आणि तसं तर गणितही मागाहून देता येतं. पायलट व्हायला बारावीला फिजिक्स-गणित लागतं, ते राहिलेली मुलं मुक्त विद्यालयातून देतातच की.

हवाबाण
नाही पाहिला. मुद्दा मागे.

खतावणी
सायन्सच्या भांडणात कॉमर्स नेहमीप्रमाणे बाहेर उभं. आमच्याकडेही हाच घोळ असतो, गणित की एसपी. सेक्रेटरिअल प्रॅक्टिस पाठ करून मार्क मिळतात म्हणून निम्मा वर्ग तिकडे. मीही तिकडेच. पुढे इकॉनॉमिक्सची गोडी लागली आणि दिल्ली विद्यापीठाच्या ऑनर्सला बारावीचं गणित लागतं हे फॉर्म भरताना कळलं. बापानं तेव्हा "तर?" विचारलं असतं तर बरं झालं असतं. @घाटमाथा, बी.कॉम.वाल्याचं मत घरात चालत नसेल, इथे चालतं.

कोरडवाहू
तुम्ही सगळे निवडीवर बोलताय. आमच्या गावच्या कॉलेजात गणिताची जागा तीन वर्षं रिकामी, तासिका तत्त्वावर एक सर येतात, तेही दुसऱ्या कॉलेजातून मोटारसायकलवर. पाऊस जास्त झाला की तास नाही. गणिताच्या बदल्यात काय मिळतं म्हणाल तर फळ्यावर एकच नाव, भूगोल. मी तोच घेतला. आज कृषी खात्यात आहे, नकाशे वाचतो, भूगोल कामाला आला. ठरवून केलं नव्हतं काही.

घाटमाथा (धागाकर्ता)
सगळ्यांचे आभार. काल रात्री हा धागा लेकीच्या हातात दिला. तिनं फक्त पेट्रीडिश यांचा प्रतिसाद दोनदा वाचला आणि विचारलं, "त्या ताईंना पुस्तकं वाचून समजलं का, की कुणी शिकवलं?" (ताई, सांगाल का?)

सकाळी फॉर्म भरला. गणित ठेवलंय. मात्र तिनं अट घातली, पहिल्या सत्रात झेपलं नाही तर मी तोंडातून "तर" काढायचा नाही. कॉलेजात विषय बदलायला मुदत किती देतात ते उद्या विचारून येतो. आणि वेळ वाचवायला दुसऱ्या भाषेच्या जागी तिनं आयटी घेतलं. संगणकावर परीक्षा, स्कोअरिंग आहे म्हणे.

पेट्रीडिश
तिला सांगा, कुणी शिकवलं नाही. खालच्या मजल्यावर एक निवृत्त शिक्षिका राहायच्या, त्यांना अडलेलं विचारायचे, फक्त रविवारी.

तासिका_मास्तर
म्हणजे गणित वाचवायला मराठी सोडली? घाटमाथा, आता आमच्या मराठीच्या बाई तुम्हाला शोधत येणार. त्यांच्या वर्गात सध्या अकरा पोरं उरलीत.