मदत हवी आहे: मशरूमच्या खोलीतला आंबूस वास जात नाही, एक्झॉस्ट चालू असूनही

ठाणेकर_३०२
घाईत लिहितोय. फ्लॅटमधल्या आठ बाय सहाच्या स्टोअररूममध्ये बॅगा टांगल्या आहेत. पहिल्या दोन लॉटला काही त्रास नव्हता. आता चार दिवस झाले, दार उघडलं की नाकाला झोंबणारा आंबूस वास येतो. सहा इंची एक्झॉस्ट चोवीस तास चालू आहे, तरी हवा कोंदटच. वरच्या मजल्यावरच्या काकूंनी काल सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं की त्यांच्या बाथरूममध्ये काहीतरी मेल्यासारखा वास येतोय. रविवारी कमिटीची मीटिंग आहे. मोठा फॅन लावू की कार्बन फिल्टर घेऊ, एवढंच सांगा.

शेतकरीण_कोल्हापूर
कोणतं मशरूम, धिंगरी की बटण? पेंढा कसा उकळला? स्पॉन (मशरूमचं बियाणं) भरून किती दिवस झाले? आणि एक्झॉस्टची हवा नक्की कुठे पडते? हे कळल्याशिवाय काय सांगणार?

हिरवी_गच्ची
माझ्या कंपोस्टच्या बादलीला असाच वास यायचा. सुकी पानं आणि कोकोपीट दुप्पट टाका, रोज ढवळा. आठवड्यात वास गेला.

ठाणेकर_३०२
कंपोस्ट नाहीये हो, धिंगरी आहे. भाताचा पेंढा, गरम पाण्यात तासभर. २२ बॅगा. फॅन नेहमीसारखा, बाथरूमच्या डक्टमध्ये.

मेकॅनिक_नाशिक
तिथेच घोळ आहे. त्या डक्टमध्ये सगळ्या मजल्यांच्या बाथरूमच्या खिडक्या उघडतात. तुम्ही वास बाहेर टाकत नाही, काकूंच्या घरात पाठवताय. मोठा फॅन लावलात तर जास्त पाठवाल.
दुसरं, आत हवा येते कुठून? दार घट्ट बंद असेल तर फॅन नुसता फिरतो, हवा ओढत नाही. एक उदबत्ती पेटवून दाराच्या खालच्या फटीशी धरा. धूर आत ओढला गेला पाहिजे. सरळ वर गेला तर हवा खेळत नाहीये.

पालघरचा_दादा
एक्झॉस्ट खाली लावा, जमिनीपासून वीतभर. कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड, तो खालीच साचतो. सगळे वर लावतात आणि मग रडतात.

मेकॅनिक_नाशिक
दादा, जड आहे हे खरं, पण एवढ्याशा खोलीत हवा हलती असली की तो सगळीकडे मिसळतो. फॅन वर की खाली यापेक्षा हवा येण्याचं भोक त्याच्या समोरच्या भिंतीत आहे का, हे महत्त्वाचं. दोन्ही एकाच बाजूला असतील तर ताजी हवा शिरल्या शिरल्या बाहेर जाते, बॅगांपर्यंत पोचतच नाही.

पालघरचा_दादा
मी सहा वर्षं धिंगरी काढतोय. खाली लावल्यावर माझ्या दांड्या आखूड झाल्या, हे डोळ्यांनी पाहिलंय.

शेतकरीण_कोल्हापूर
दांड्यांचं बरं काढलंत. ठाणेकर, तुमच्या मशरूमच्या दांड्या लांब आणि टोप्या बटणाएवढ्या राहतायत का?

ठाणेकर_३०२
हो! या लॉटला तसंच झालंय. स्पॉन वाईट निघालं असं वाटलं मला. आणि फॅनच्या पात्यांवर पांढरी पूड बसते, तीही आत्ताच पुसली.

शेतकरीण_कोल्हापूर
स्पॉनला दोष देऊ नका. लांब दांडी आणि छोटी टोपी म्हणजे ताजी हवा कमी पडतेय. पांढरी पूड म्हणजे बीजाणू. टोपीची कड वर वळायच्या आधी काढणी करा, नंतर बीजाणू भसाभस सुटतात. पात्यांवर आहे म्हणजे डक्टमध्येही गेलीय. त्याने काहींना खोकला, दमा होतो. स्वतःही मास्क लावूनच आत जा.
पण आंबूस वास त्याचा नाही. चांगल्या बॅगेला ओल्या मातीसारखा, किंचित बडीशेपेच्या अंगाचा वास येतो. पेंढा किती वेळ निथळला?

चवदार_पुणे
धिंगरीचं सुकं करताना आधी कोरड्या तव्यावर परता, पाणी सुटून आटलं की मगच तेल घाला. आणि सुकं खोबरं विसरू नका.

ठाणेकर_३०२
या वेळी घाई होती. उकळलं, तासभर चाळणीवर ठेवलं आणि भरलं. आधी रात्रभर ठेवायचो.

शेतकरीण_कोल्हापूर
मग कारण सापडलं. मूठभर पेंढा घट्ट पिळायचा. तळहात ओला व्हावा, पण धार लागू नये. जास्तीचं पाणी बॅगेच्या तळाशी साचतं, तिथे हवा पोचत नाही आणि पेंढा कुजतो. बॅगांचे तळ बघा, पिवळसर पाणी दिसेल. त्या आजच बाहेर काढा, हिरवी बुरशी दिसली तर पिशवीत बांधूनच न्या.

रसायन_गुरू
१०० लिटर पाण्यात १२५ मिली फॉर्मालिन आणि साडेसात ग्रॅम कार्बेन्डाझिम (बुरशीनाशक), पेंढा १६ ते १८ तास भिजवा. कुजण्याची भानगडच नाही.

शेतकरीण_कोल्हापूर
हे शेडवर करतात. बंद फ्लॅटमध्ये फॉर्मालिन उघडायचं नाही. डोळे चुरचुरतात, त्याची वाफ विषारी असते. शिवाय त्यांचा पेंढा नीट उकळलेला आहे, निथळला नाही एवढंच.

ठाणेकर_३०२
मग कार्बन फिल्टर घेऊच नको का? चार हजारांचा बघून ठेवलाय.

मेकॅनिक_नाशिक
आत्ता नको. फिल्टर वास धरतो, पण कार्बन डायऑक्साइड तसाच राहतो. आणि तुमच्या खोलीत ८५ टक्के आर्द्रता, त्या ओलीत कोळसा लवकर निकामी होतो.
खोली साधारण १२ घनमीटर आहे. तासाला पाच-सहा वेळा हवा बदलली तरी पुरते. चोवीस तास फॅन चालवून बॅगा वाळतील. टायमर लावा, दर पाव तासाला चार-पाच मिनिटं. दाराच्या खाली दोन इंचाची पट्टी कापून त्यावर बारीक जाळी ठोका, माश्या येणार नाहीत. फॅनचा पाइप डक्टमधून काढून बाल्कनीच्या बाहेर न्या.

ठाणेकर_३०२
आत्ता बघून आलो. पाच बॅगांच्या तळाशी पाणी आहे, तपकिरी. एक बोटाने दाबली तर मऊ लागली आणि तोच वास आला. उदबत्तीचा धूर फटीशी सरळ वर गेला. पाचही बॅगा खाली नेतोय. पाइप बाल्कनीपर्यंत साडेतीन मीटर लागेल, मध्ये दोन वळणं आहेत. एवढ्याने हवेचा जोर कमी होईल का?

मेकॅनिक_नाशिक
होईल, पण चालेल. लवचीक पाइप ताणून बसवा, आत सुरकुत्या ठेवू नका. वळणं काटकोनात न देता गोलसर द्या. आणि मीटिंगआधी काकूंकडे स्वतः जाऊन या.

ठाणेकर_३०२
संध्याकाळी जातो. पाइप चार इंची चालेल की सहाच घेऊ?

मेकॅनिक_नाशिक
फॅनच्या तोंडाएवढाच. सहा.