ग्रॅनी स्क्वेअर जोडायचे कसे? सातारा-सांगलीकरांनो, अनुभव लिहा

ग्रॅनी स्क्वेअर, म्हणजे क्रोशाने मधून बाहेर फेऱ्याफेऱ्यांनी विणलेला चौकोन, विणायला कुणाची ना नसते. गाडी अडते ती जोडणीपाशी. पिशवीत शंभरेक चौकोन पडून आहेत आणि पुढे हात जात नाही, अशी घरं सातारा-सांगलीत भरपूर निघतील. म्हणून हा धागा. उशीचे अभ्रे, दिवाणावरची चादर, ब्लँकेट, बाळाची दुलई, जे जोडलं असेल त्याबद्दल लिहा. विनंती एकच: कुणासाठी केलं आणि किती कौतुक झालं ते नको. सुई कितीची, लोकर की सूत, जोड कोणता, काय बिघडतं आणि का, ते हवं.

सगळ्यांचा हिशोब एका मापावर राहावा म्हणून हे धरून चालू: डबल निटिंग (मध्यम) जाडीची लोकर, ४ मिमीची क्रोशाची सुई, चार फेऱ्यांचा नेहमीचा चौकोन. तीन-तीन खांबांचे (सुईवर एक वेढा घेऊन विणलेले उंच टाके) गट, दोन गटांमध्ये १ साखळी, कोपऱ्यात २ साखळ्या. हा साधारण १० सेंमीचा होतो. तुमचं माप वेगळं असेल तर तसं सांगा.

शाहूपुरी, सातारा

आधी टाके मोजा. वरच्या चौकोनाच्या एका बाजूला चार गट, म्हणजे १२ खांब. मधल्या ३ साखळ्या आणि दोन्ही कोपऱ्यांतली एकेक साखळी धरली की १७. जोडायच्या दोन्ही बाजूंना १७ भरलेच पाहिजेत. एकीकडे १६ निघाले तर बायका ओढून जुळवतात. मग ती ओढ पुढच्या चौकोनात जाते, आणि दहा चौकोनांनंतर ओळ चंद्रकोरीसारखी वळते.

जोड मी तीन प्रकारे करते.

बोथट सुईने शिवण: टाक्याच्या डोक्यावर दोन पदर दिसतात, त्यातला फक्त बाहेरचा पदर दोन्हीकडून उचलायचा. दोन्ही पदर घेतले की कड जाड होते. दोरा शिवणीच्या तिप्पट घ्यावा. पण एका वेळी दीड मीटरपेक्षा लांब दोरा ओवू नये, सतत घासून पिंजतो. नवा दोरा बाजूच्या मध्यावर सुरू करायचा. चार कोपरे मिळतात त्या चौकात कधीच नाही, कारण तिथे ताण सगळ्यात जास्त असतो आणि टोक तिथूनच सुटतं.

स्लिप स्टिच (दोरा दोन्ही कडांतून सरळ ओढून घेतलेला सगळ्यात बुटका टाका): झटपट होते, उसवायलाही सोपी. मात्र हात आपोआप घट्ट पडतो. विणायची सुई ४ ची असेल तर जोडायला ४.५ किंवा ५ घ्या. तरी जोड चौकोनापेक्षा आखूड वाटला तर सुई आणखी मोठी करा. "सैल हाताने करते" हे कुणाला दोन ओळींपलीकडे जमत नाही.

मुका खांब (सुईवर वेढा न घेता विणलेला बुटका खांब): दोन चौकोन उलट्या बाजू आत ठेवून जोडले की सुलट बाजूवर उठावाची रेघ येते. मजबूत. दोरा शिवणीच्या दुपटीहून जास्त खातो.

माझं मत: उशीला मुका खांब, ब्लँकेटला शिवण. उठावाची रेघ अंगाखाली टोचते.

गावभाग, सांगली

शाहूपुरीच्या ताई, शिवण दिसते सुंदर, पण ताणली की दोरा लांबत नाही. मुलं ब्लँकेट ओढत घरभर फिरतात तिथे आधी शिवणच तुटते. मी विणता विणता जोडते.

पहिला चौकोन पूर्ण करायचा. दुसरा तीन फेऱ्यांपर्यंतच. चौथ्या फेरीत जिथून जोड सुरू होतो त्या कोपऱ्यात ३ खांब, १ साखळी, मग पहिल्या चौकोनाच्या कोपऱ्यात खालून सुई घालून स्लिप स्टिच, १ साखळी, आणि आपल्याच कोपऱ्यात ३ खांब. आता दोन गटांमधली जी १ साखळी असते तिच्या जागी शेजाऱ्याच्या समोरच्या फटीत स्लिप स्टिच. एका बाजूला अशा तीन फटी. शेवटी दुसरा कोपरा पहिल्यासारखाच. एका बाजूला एकूण पाच ठिकाणी पकड बसते आणि जोड सपाट राहतो.

चौथा चौकोन बसवताना गोंधळ होतो, कारण कोपऱ्यात आधीच तीन चौकोन असतात. तिथे शेजाऱ्याकडे बघू नका, कर्णात समोर असलेल्या चौकोनाच्या कोपऱ्यात अडकवा. मग मधे भोक राहत नाही.

तोटाही सांगते. रंगांची मांडणी आधी पक्की हवी. नंतर "हा निळा तिकडे शोभला असता" म्हणायची सोय नाही. आणि शेवटची फेरी सगळ्या चौकोनांना एकाच रंगाची असली तरच हे खुलतं.

वाई

मोठ्या कामाचा हिशोब देते, कारण लोकर कमी पडणं हाच सगळ्यात जास्त होणारा घोटाळा.

१२० × १६० सेंमीच्या पांघरुणाला १२ × १६ = १९२ चौकोन. एक चौकोन स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर ठेवा. एकाचं वजन नीट कळत नाही, दहा एकदम ठेवून भागा. समजा ९ ग्रॅम आला, तर चौकोनांचीच लोकर १,७२८ ग्रॅम.

रंगांची वाटणी अगदी सरळ आहे. चार फेऱ्यांत १२, २४, ३६, ४८ असे १२० खांब येतात. म्हणजे आतल्या रंगाला १०, मग २०, ३०, आणि बाहेरच्या रंगाला ४० टक्के. बाहेरचा रंग सगळीकडे सारखा ठेवणार असाल तर त्याचीच जवळपास ६९० ग्रॅम लागते. शिवाय जोड. आडव्या १५ रेघा १२० सेंमीच्या, उभ्या ११ रेघा १६० सेंमीच्या, मिळून साडेपस्तीस मीटर शिवण. तिप्पट दोरा धरला तर १०७ मीटर, म्हणजे साधारण ५० ग्रॅम. मुका खांब घातला तर शंभराच्या पुढे. वर तीन फेऱ्यांची किनार. एकूण त्या एका रंगाची १ किलो एकदम घ्या, एकाच लॉटची (एकाच वेळी रंगवलेली). लेबल नसलेली सुटी लोकर घेत असाल तर दुकानातच सगळ्या लड्या दारापाशी नेऊन उजेडात शेजारी शेजारी धरा. ट्यूबलाइटखाली दोन लॉट एकच दिसतात.

जोडताना एकेक चौकोन जोडत बसू नका. तसे ३५६ सुटे जोड होतात. सगळे चौकोन सतरंजीवर मांडा, फोटो काढून ठेवा, प्रत्येक आडव्या ओळीची चळत करून चिठ्ठी टोचा. आधी सगळ्या आडव्या रेघा या टोकापासून त्या टोकापर्यंत, मग सगळ्या उभ्या. २६ रेघांत काम संपतं. क्रोशाने जोडत असाल तर उभी रेघ आडवीला छेदते तिथे १ साखळी घालून वरून उडी मारा. साखळी विसरली की त्या जागी चुणी येते आणि पांघरूण मधोमध उशीसारखं फुगतं.

कराड

दोऱ्याच्या टोकांबद्दल कुणी बोललंच नाही. चार रंगांचा चौकोन म्हणजे ८ टोकं. वाईच्या काकूंच्या १९२ चौकोनांना १,५३६! ही शेवटी उरकायला ठेवली की काम कायमचं पिशवीत जातं. प्रत्येक चौकोन हातावेगळा करतानाच टोकं आत घाला. १५ सेंमी टोक ठेवा. एका दिशेने ओवा, एक पदर सोडून उलट परत या, मग तिसऱ्यांदा दिशा बदला. फक्त गाठ मारून कापलेलं टोक दोन-तीन धुण्यांत बाहेर येतं, आणि ॲक्रिलिक (कृत्रिम लोकर) बुळबुळीत असल्याने त्याचं आधी येतं.

विश्रामबाग, सांगली

उशीबद्दल. १६ इंची उशीला, म्हणजे ४० सेंमीला, अभ्रा ३८ सेंमीचाच करावा. क्रोशा ताणतो. मापाला माप केलेला अभ्रा महिन्याभरात ढगळ होतो आणि कोपरे लोंबतात. एका बाजूला ४ × ४ चौकोन, प्रत्येक साडेनऊ सेंमीचा. त्यासाठी ३.५ ची सुई.

दोन्ही बाजू क्रोशाच्या हव्या असतील तर ३२ चौकोन. तीन बाजू मुक्या खांबाने बंद करायच्या, प्रत्येक कोपऱ्यात ३ मुके खांब. चौथ्या बाजूला पाच बटणं. काजं वेगळी करायची गरज नाही, गटांमधल्या फटी तेच काम करतात. बटण मात्र फटीत थोडं अडकूनच जायला हवं. सहज गेलं तर सहज निघतंही.

भोकांतून आतलं दिसतं, हे लोक शेवटच्या क्षणापर्यंत विसरतात. पांढऱ्या उशीवर गडद चौकोन घातले की चाळणी दिसते. बाहेरच्या फेरीच्या रंगाचा सुती अभ्रा आधी उशीला शिवून घ्या. सावरीचा कापूस भरलेली उशी असेल तर हा आतला अभ्रा घट्ट विणीचाच हवा, कारण तो कापूस विरळ कापडातूनही बाहेर पडतो आणि लोकरीत बसला की निघत नाही.

मिरज (शिवणकाम करते, क्रोशा कमी)

मागची बाजू कापडाची करा, निम्मे चौकोन वाचतात आणि उशी सोफ्यावरून घसरत नाही. ३८ सेंमीच्या पुढच्या बाजूला मागे दोन तुकडे, प्रत्येक ४१ × २८ सेंमी. ४१ सेंमीच्या एका कडेला २.५ सेंमीची दुमड, उरलेल्या तिन्ही बाजूंना दीड सेंमी शिवण. दोन तुकडे एकमेकांवर १० सेंमी चढतात, चेन लागत नाही. कापड मांजरपाट किंवा जाड सुती, पण आधी धुऊन इस्त्री केलेलं. कोरं कापड पहिल्या धुण्यात आटतं आणि ॲक्रिलिकचा क्रोशा आटत नाही, मग पुढची बाजू फुगून बसते.

मशीनवर क्रोशा थेट शिवू नका. पायाखाली फटी अडकतात आणि दात लोकर ओढतात. मागची बाजू मशीनवर पूर्ण करा, कडा दुमडा, आणि पुढची बाजू हाताने तुरपा.

सदरबझार, सातारा

सूत आणि लोकर एका जोडात मिसळू नये, असं माझं मत. उन्हाळ्यात अंगावर घ्यायला सुती बरी, पण मग जोडही सुतीच. आणि लाल, मरून, गडद निळा सुती रंग वापरण्याआधी हातभर दोरा ओला करून पांढऱ्या कापडात गुंडाळून रात्रभर ठेवा. कापडाला डाग पडला तर तो दोरा पांढऱ्याशेजारी नको. मीठ-व्हिनेगरच्या पाण्याने हल्लीचे रंग पक्के होत नाहीत, कुणी कितीही शपथेवर सांगितलं तरी.

एक प्रश्न, इस्लामपूरहून

माझे चौकोन एका मापाचे येत नाहीत. काही ९.५, काही १०.५. शिवाय किंचित पिळल्यासारखे दिसतात. जोडता येतील का?

शाहूपुरी, सातारा

पीळ आधी. सगळ्या फेऱ्या एकाच दिशेने विणल्या की टाके एका बाजूला झुकतात. दर फेरीनंतर काम उलटून विणा, चौकोन सरळ येतो. झालेले चौकोन ब्लॉकिंगने (ओलं करून किंवा वाफ देऊन मापात बसवण्याने) बरेचसे सुधारतील.

मापाचं म्हणाल तर अर्धा सेंमी फरक ब्लॉकिंगमध्ये जातो, एक सेंमी जात नाही. लहान चौकोनांभोवती मुक्या खांबांची एक फेरी वाढवा. पण ती सगळ्यांनाच घाला, लहानांना ४ च्या सुईने, मोठ्यांना ३.५ ने. नुसत्या लहानांना घातली तर मांडणीत तेच डोळ्यांत भरतात.

ब्लॉकिंग असं: सुती चौकोन भिजवून, पंच्यात दाबून, थर्माकोलच्या पत्र्यावर १० सेंमीचे चौकोन आखून टाचण्या टोचा. टाचण्या स्टीलच्या. गंजक्या टाचणीचा डाग जात नाही. ॲक्रिलिक नुसतं भिजवून फारसं ऐकत नाही, त्याला वाफ लागते. थर्माकोल वाफेने आक्रसतो, म्हणून जाड सतरंजीवर टोचा आणि इस्त्री दोन बोटं वर धरून फक्त वाफ सोडा. टेकवली तर लोकर चपटी आणि लुळी होते, ती परत येत नाही. उशीला ते चालून जाईल, ब्लँकेटला नाही.

आणि जुलै-ऑगस्टात सुती चौकोन साताऱ्यात वाळायला घालूच नका. पंख्याखालीही कुबट वास धरतात. ॲक्रिलिक पावसाळ्यात करा, सुती दिवाळीनंतर.

गावभाग, सांगली

किनारीचं राहिलं. पहिली फेरी साध्या मुक्या खांबांची. प्रत्येक खांबावर एक, प्रत्येक साखळीच्या फटीत एक. दोन चौकोन मिळतात तिथे दोन्ही कोपऱ्यांतल्या फटींत मिळून एकच करा, म्हणजे दोन टाके एकत्र. तिथे दोन सुटे टाके घातले की प्रत्येक जोडावर झालर उठते, आणि अजिबात सोडून दिलं तर कड आत ओढली जाते. पहिली फेरी झाली की पांघरूण फरशीवर पसरून बघा. कड सपाट नसेल तर तिथेच उसवा, पुढच्या फेऱ्यांनी ती दबत नाही.

वाई

धुण्याचं एवढंच: ओलं पांघरूण दोरीवर टाकू नका. पाण्याच्या वजनाने जोड लांबतात आणि चौकोन पतंगासारखे तिरके होतात. मशीनमध्ये जाळीच्या पिशवीत, हलक्या फेरीवर. मग गच्चीत चटईवर आडवं, सावलीत. सांगलीकडच्या मे महिन्यातल्या उन्हात गडद रंग लवकर उडतात.

इस्लामपूर

धन्यवाद. आणखी एक. मधलाच एखादा चौकोन फाटला तर?

गावभाग, सांगली

चारही बाजूंच्या फटींतून वेगळ्या रंगाचा दोरा ओवून ठेवा, म्हणजे शेजाऱ्यांचे टाके सुटत नाहीत. मग फाटका चौकोन मधून बाहेर कापत या आणि चौथी फेरी हळूहळू उसवा. नवा चौकोन तीन फेऱ्यांचा करून चौथ्या फेरीत चारही बाजूंना विणता विणता जोडा, एकूण सोळा पकडी: चार कोपरे आणि बारा फटी. जोड शिवलेला असेल तर काम आणखी सोपं, फक्त शिवण उसवायची. इथे शाहूपुरीच्या ताई जिंकल्या.

यासाठी प्रत्येक रंगाची १० ग्रॅमची गुंडी राखून ठेवा, आणि ती पांघरुणाबरोबर त्याच जाळीच्या पिशवीत, जुन्या मोज्यात बांधून धूत जा. कोरी ठेवलेली लोकर दोन वर्षांनी वापरली तर नवा चौकोन लांबून ओळखू येतो.