दोन फुटी खाऱ्या टँकमधलं पिवळं ॲनिमोन तोंड वासून पडलंय, काय करू?

मृण्मयी_कोथरूड
नमस्कार मंडळी. गोड्या पाण्यातले मासे आठ वर्षं पाळलेत (गप्पी, मॉली, एक ऑस्कर जो वाढून वाढून शेवटी मामाच्या मोठ्या टँकमध्ये गेला) त्यामुळे आत्मविश्वास नको तेवढा होता. लेकीच्या वाढदिवसाला खाऱ्या पाण्याचा टँक केला, २ बाय १ बाय १ फूट, म्हणजे हिशेबाने ५६ लिटर पण दगड-वाळू गेली की ४५ च धरा. आज २३ वा दिवस आहे.

दुकानदाराने (नाव नको घ्यायला) बाटलीतले (पाण्यातला अमोनिया संपवणारे) बॅक्टेरिया दिले, दहाव्या दिवशी २ क्लाउनफिश दिले, आणि "मॅडम, ह्याच्याशिवाय ते जगतच नाहीत" म्हणून एक ॲनिमोन (समुद्रफूल, फुलासारखा दिसणारा समुद्री प्राणी) गळ्यात मारलं. लिंबासारखं पिवळंधमक, खरंच सुंदर दिसत होतं. पहिले २ दिवस बोट लावलं की चिकटायचं. आता तोंड उघडं टाकून बसतं, रंग उतरतोय, आणि परवा पाणी बदललं तर बादलीतलं पाणी पिवळसर झालेलं! एका जागी बसतही नाही, काल रात्री सरकत सरकत पंपाच्या जाळीपाशी गेलं होतं. अमोनिया ०.५ दाखवतोय, दुपारी पाणी ३१ डिग्रीला जातं. मासे मात्र मस्त खातायत.

आणि दुसरं, तोच दुकानदार म्हणतो समुद्रघोड्यांची जोडी ऑर्डरवर आणून देतो, "छोट्या टँकला तेच बेस्ट, फार पोहत नाहीत". लेक तेव्हापासून नाचतेय. घेऊ का?

खारंपाणी_ठाणे
ताई, राग मानू नका पण पिवळंधमक ॲनिमोन म्हणजे बहुतेक वेळा रंगवलेलं ॲनिमोन. हो, रंगवलेलं, आपण होळीला रंगवतो तसं. ह्या प्राण्याच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं, ते उजेडावर अन्न बनवतं आणि घरमालकाला वाटा देतं, त्याचाच तो नेहमीचा तपकिरी रंग. पकडापकडीत आणि प्रवासात ताण बसला की ते शैवाल निघून जातं, प्राणी पांढराफट्ट पडतो, आणि पांढरा विकला जात नाही म्हणून रंगात बुडवतात. तुमच्या बादलीत आला तो तोच रंग. म्हणजे तुम्हाला उपाशी प्राणीच विकला, तुमच्या हातून काही झालं असं मनाला लावून घेऊ नका.

आता आज काय करायचं ते सांगतो. आधी पंपाच्या तोंडाला स्पंज लावा, ॲनिमोन पात्यात गेलं तर किसून निघतं आणि त्या विषाने रात्रीत अख्खा टँक जातो, माझा गेलाय २०१६ ला, सकाळी उठून बघतो तर पाणी ताकासारखं. मग ३० टक्के पाणी बदला, नव्या पाण्याचा खारटपणा आणि तापमान जुन्याशी जुळवूनच. ०.५ अमोनिया गोड्या पाण्यात एक वेळ चालून जातो, इथे पीएच ८.२ च्या आसपास असतो त्यामुळे तोच आकडा जास्त जहाल. उघड्या पाण्यावर तिरका छोटा टेबलफॅन लावा, २-३ डिग्री उतरते. पण मग पाणी भराभरा उडणार, आणि उडतं ते नुसतं पाणी, मीठ आतच राहतं. म्हणून रोजची भर साध्या आरओच्या पाण्याने घाला, खाऱ्या नाही! इथे नवीन माणूस हमखास फसतो, मीठ घालत बसतो आणि महिनाभरात टँकचं लोणचं. काचेला बाहेरून मार्करने रेघ मारा आणि रोज रेघेपर्यंत भरा. घरच्या आरओला टीडीएस वाढवायचा नॉब असतो, तो पूर्ण बंद करून घ्या.

ॲनिमोनचं म्हणाल तर दर २-३ दिवसांनी वाटाण्याएवढा कच्च्या कोळंबीचा तुकडा (हळद-मीठ न लावलेला, सांगितलेलं बरं) चिमट्याने तोंडाशी धरा. घेतला तर आशा आहे, थुंकला तर काढून टाका, आत सडू देऊ नका. माशांनी अंग घासून त्याला आणखी दमवू नये म्हणून वर प्लास्टिकची जाळीदार टोपली पालथी घाला. आणि एक खूण लक्षात ठेवा, पाय कशालाच धरत नसेल आणि पाण्याबाहेर नाकाशी नेल्यावर सडक्या मासळीचा भपकारा आला तर तो गेला, लगेच बाहेर.

खरं तर ॲनिमोन निदान ६ महिने, माझं विचाराल तर वर्षभर जुन्या टँकमध्येच टाकावं. दुकानात पिवळं रंगवून विकतात ती जात बहुधा अर्धा मीटरपर्यंत पसरते, तुमचा टँक आडवा ३० सेंमी! आणि क्लाउनफिशला टँकमध्ये ॲनिमोन लागत नाही. समुद्रात शत्रूपासून आसरा म्हणून लागतं, तुमच्या हॉलमध्ये कोण शत्रू आहे?

बंडूकाका_डोंबिवली
मी सुरुवातीपासून सांगतोय इथे, खारं पाणी हा आपल्या हवेचा छंदच नाही. मे महिन्यात दोन तास लाइट गेली की संपलं. एवढं करून अलिबागला जाऊन ते सगळं समुद्रात सोडून द्या आणि मोकळे व्हा, निदान पुण्य लागेल.

रत्नागिरीची_पोर
काका, पुण्य नाही हो पाप लागेल. दुकानातला प्राणी कुठल्या समुद्रातला, अंगावर कुठला रोग, काही माहीत नसतं, तो आपल्या किनाऱ्यावर कधीच सोडायचा नाही. मी मत्स्यशास्त्र शिकते म्हणून जरा जास्त बोलतेय 🙂

मृण्मयीताई, समुद्रघोड्याला सरळ नाही म्हणा. २००१ पासून तो वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची १ मध्ये आहे, म्हणजे वाघाच्या पंगतीत. पकडणं, विकणं, घरी ठेवणं सगळंच गुन्हा, शिक्षा ३ ते ७ वर्षं. दुकानदार "ऑर्डरवर" म्हणतो ते उगाच नाही. दगडी प्रवाळ पण त्याच यादीत आहेत, त्यामुळे कोणी "ओरिजिनल समुद्रातला लाइव्ह रॉक" (मेलेल्या प्रवाळाचा, जीवजंतू वस्तीला असलेला दगड) दाखवला तर हात लावू नका, सिरॅमिकचे दगड घ्या, बॅक्टेरियाला काही फरक पडत नाही.

आणि कायदा बाजूला ठेवला तरी "छोट्या टँकला बेस्ट" हे साफ चूक. त्याला पोटच नसतं, म्हणजे जठर नाही, खाल्लेलं पटकन पुढे सरकतं, म्हणून दिवसातून अनेकदा खायला लागतं. दातही नाहीत, नळीसारख्या तोंडाने ओढून घेतो. पोहायला इतका कच्चा की तुमचे क्लाउनफिश त्याच्या तोंडचं पळवतील आणि तो शेपटीने काडीला विळखा घालून बघत बसेल.

क्लाउनफिशची जोडी मात्र ठेवा की! फक्त पुढच्या वेळी हॅचरीतलेच मागा. सीएमएफआरआयने (केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था) त्यांची पैदास केलेली आहे, आणि आपल्याकडे ऐरोलीला कांदळवन प्रतिष्ठानच्या केंद्रातही हॅचरी आहे. टँकमध्येच जन्मलेला मासा कोरडं खाणं सहज खातो. सगळे नर म्हणून जन्मतात बरं का, दोघांतला दांडगा असेल तो मादी होतो. लेकीला सांगा, शाळेत भाव खाईल.

निनाद_न्यूजर्सी
इथे टँकमध्ये जन्मलेले समुद्रघोडे रीतसर मिळतात, माझ्याकडे एक जोडी आहे, म्हणून रोजचं सांगतो. वेगळा उंच टँक, पाणी २२-२३ डिग्री, फ्रोझन मायसिस (कोळंबीसारखे बारीक जीव) दिवसातून तीनदा, उरलेलं अर्ध्या तासात उपसायचं. ४ वर्षांत आम्ही दोघांनी मिळून एक पण सुट्टी घेतली नाही. भारतात यायचं तर आधी शेजाऱ्याला ट्रेनिंग. हे हौसेने सांगतोय की रडतोय मलाच कळत नाही.

बंडूकाकांचा लाइटचा मुद्दा मात्र बरोबर आहे, बॅटरीवर चालणारा हवेचा पंप आणून ठेवाच, आधी ऑक्सिजन संपतो, बाकी सगळं नंतर.

मृण्मयी_कोथरूड
सगळ्यांचे आभार. वाईट बातमी, काल पहाटे ॲनिमोन गेलं. कोळंबी एकदा घेतली होती, नंतर दोनदा थुंकली. वास... खारंपाणी, तुम्ही म्हणालात तो भपकारा जन्मात विसरणार नाही. हातमोजे घालून काढलं, पाणी बदललं, अमोनिया आज ०.२५. समुद्रघोड्यांना नाही सांगितलं, लेक रडली, मग स्वतःच म्हणाली की वाघ पण नाही आणायचा ना घरी.

आता ॲनिमोन होतं तो दगड चिकट झालाय आणि त्यावर बटणासारखे छोटे हिरवे-तपकिरी जीव उगवलेत. दगड काढून उकळून घेऊ का?

खारंपाणी_ठाणे
ताई नाही!! उकळू नका, गरम पाणीसुद्धा ओतू नका. ती बटणं झोअँथिड (ॲनिमोनच्या नात्यातले छोटे जीव) असणार, त्यातल्या काहींत पॅलिटॉक्सिन असतं, अतिशय जहाल विष. दगड उकळला आणि ती वाफ घेऊन घरातली सगळी माणसं हॉस्पिटलमध्ये पोचली असे प्रकार झालेत. दगड आहे तिथेच राहू द्या, चिकटा टूथब्रशने बटणं वगळून पाण्यातच हलका घासा, हातमोजे घालून, हाताला जखम असताना नाही. डोळ्यात उडू देऊ नका. लेकीला त्या दगडाला हात लावायचा नाही हे आजच सांगा.

ॲनिमोनचं वाईट वाटलं. एडिंबरात एक ॲनिमोन होतं, सर जॉन डॅलियल यांनी १८२८ ला किनाऱ्यावरून आणलेलं, लोक त्याला आजीबाई म्हणायचे, ते १८८७ पर्यंत जगलं. ५९ वर्षं, तेही एका बरणीत, फिल्टर नाही लाइट नाही, माणसं वेळेवर समुद्राचं पाणी बदलायची बस्स. जात वेगळी, थंड पाण्याची, पण आपल्याकडे विकलेलं महिनाभर टिकत नाही तेव्हा मला तीच आजीबाई आठवते.

आता दोन महिने काही आणू नका. अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर येऊन तिथेच राहू द्या, आठवड्याला ५ लिटर पाणी बदला, एवढंच.

मृण्मयी_कोथरूड
दगडाला हात लावत नाही, भीतीच बसली. मार्करची रेघ लेकीकडे दिलीये, रोज शाळेतून आली की दप्तर टाकायच्या आधी बघते आणि वहीत लिहिते, काल "दीड बोट कमी" असं लिहिलंय.

एक शेवटचं, मासे आता थर्मामीटरला बिलगून झोपतात, मोठा आत आणि बारका बाहेर. त्यांना मातीची छोटी कुंडी आडवी टाकून दिली तर चालेल का?

रत्नागिरीची_पोर
चालेल काय, पळेल! हॅचरीतही अशाच कुंड्या देतात, अंडी पण त्यावरच घालतात. फक्त कुंडी नवी कोरी हवी, रंग किंवा गेरू लावलेली नको, आणि आधी ४-५ दिवस आरओच्या पाण्यात भिजवून पाणी बदलत राहा. जोडीतला मोठा कोण ते ठरलेलं दिसतंय तुमच्याकडे 🙂

बंडूकाका_डोंबिवली
कुंडीचा फोटो टाका.